एकशे चाळीस अर्ज आणि तीन उत्तरं

पत्र थोडक्यात: संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका क्वालिटी इंजिनिअरचं हे पत्र. वय ३५, मेकॅनिकल डिप्लोमा, ११ वर्षं एकाच कंपनीत, काम मुख्यतः शीट मेटलचं, म्हणजे पत्र्याच्या भागांचं. पगार वर्षाला सहा लाखांच्या आसपास, नोटिस दोन महिन्यांची. पत्नी बँकेत आहे, तिची पुण्याला बदली झाली आहे. जूनमध्ये मुलीची शाळा सुरू होण्याआधी ती पुण्याला जाईल आणि यांनाही सोबतच जायचंय. दोन महिन्यांत लिंक्डइन आणि नोकरीच्या पोर्टलवरून १४० अर्ज केले. उत्तरं तीन, तिन्ही नकार. अकरा व्हॉट्सॲप ग्रुपांत नाव घातलंय, त्यातला एक कन्सल्टंट 'रजिस्ट्रेशन'चे ३,५०० रुपये मागतोय. मित्र सांगतो, लिंक्डइनच्या फोटोला हिरवी पट्टी लाव आणि नोकरी शोधतोय अशी पोस्ट टाक. पण मॅनेजर तिथेच आहेत. 'हे सगळं स्वतःची टिमकी वाजवणाऱ्यांसाठी आहे, शॉप फ्लोअरवरच्या माणसाचं तिथे काम नाही असं वाटायला लागलंय. पट्टी लावू, की नाद सोडू?' असं ते विचारतात. जाता जाता एका ओळीत हेही येतं की कंपनीचं रांजणगावला एक छोटं युनिट आहे.

हिरवी पट्टी लावू नका आणि नादही सोडू नका. पण आधी त्या १४० अर्जांकडे बघू, कारण तुमची सगळी निराशा त्या आकड्यातून आली आहे.

'इझी अप्लाय'चं बटण दाबायला अर्धं मिनिट लागतं. तुम्हाला लागतं तेवढंच बाकीच्यांनाही लागतं, म्हणून पुण्यातल्या क्वालिटीच्या जागेवर बघता बघता अर्जांचा ढीग पडतो. एचआरमधलं माणूस तो ढीग उपसत बसत नाही, चाळण्या लावतं. सध्याचं ठिकाण, शिक्षण, अनुभव, अपेक्षित पगार, नोटिस. ठिकाणाच्या चाळणीत तुम्ही संभाजीनगरमुळे अडकता. मोठ्या कंपन्यांत डिप्लोमामुळे अडकता, कारण फॉर्ममध्ये 'बीई/बीटेक' अशी खूण केलेली असते. दोन्हींतून निसटलात तर साठ दिवसांची नोटिस आहेच. तुमची ११ वर्षं, तुमचं काम इथपर्यंत बहुतेक ठिकाणी कुणी पोचलेलंच नाही. ज्याने तुम्हाला पाहिलंच नाही त्याचा नकार मनाला लावून घेण्यात अर्थ नाही, पण त्याच दारावर एकशे एकेचाळिसाव्यांदा जाण्यातही नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. पत्नीच्या बदलीबद्दल तुम्ही लिहिता, 'हे कारण मी कुठेच सांगत नाही, घरगुती वाटतं.' इथे तुम्ही हातातला हुकमाचा पत्ता लपवताय. बाहेरगावच्या उमेदवाराबद्दल एचआरला नेमकी कसली धास्ती असते? हा आमचं ऑफर लेटर दाखवून जुन्या कंपनीत पगार वाढवून घेईल, दोन महिने आम्हाला ताटकळत ठेवेल आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी फोन उचलणार नाही. हे इतक्यांदा घडतं की गावाबाहेरचा अर्ज दिसला की हात आखडता येतो. तुमचं घरच पुण्याला चाललंय. 'जूनपासून कुटुंब पुण्यात, पत्नीची बदली' या पाच शब्दांनी ती धास्ती जाते. हे वाक्य प्रोफाइलच्या 'अबाउट'मध्ये मात्र आज घालू नका, ते मॅनेजरही वाचतील. खासगी मेसेजमध्ये, पोर्टलवरच्या अर्जासोबतच्या टिपणीत आणि फोनवरच्या पहिल्या मिनिटात ते यायला हवं.

मॅनेजरचं भय खोटं नाही. वाळूजसारख्या ठिकाणी चहाच्या टपरीवर अशा गोष्टी फिरतात. पण 'कुणालाच कळता कामा नये' हा हट्ट धरलात तर शोधताच येणार नाही. कळलं तरी बिघडणार नाही इतपत सावध राहणं जमतं, आणि त्यासाठी लिंक्डइनवर चार गोष्टी याच क्रमाने करायच्या. खातं कंपनीच्या ईमेलवर किंवा कंपनीने दिलेल्या सीयूजी सिमवर उघडलेलं असेल तर आधी स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा नंबर घाला. राजीनाम्याच्या दिवशी मेल बंद झाला की पासवर्ड बदलायचीही पंचाईत होते. मग सेटिंग्जमध्ये व्हिजिबिलिटीखाली जाऊन प्रोफाइलमधले बदल सगळ्यांना कळवणारं बटण बंद करा. हे आधी करायचं, नाहीतर तुम्ही जुन्या पदाच्या तारखा दुरुस्त कराल आणि दुसऱ्या दिवशी अख्खा विभाग 'अभिनंदन' म्हणेल. तिथेच तुमच्या ओळखींची यादी इतरांना दिसू नये अशी सोय आहे, ती चालू करा. (दोघांच्या सामाईक ओळखी तरीही दिसतात, हे लक्षात असू द्या.) चौथं, इतरांची प्रोफाइलं बघताना 'प्रायव्हेट मोड' वापरता येतो, पण फुकटच्या खात्यावर मग तुम्हालाही तुमचं प्रोफाइल कोण बघून गेलं ते कळत नाही. माझ्या मते स्वतःच्या कंपनीतल्यांना बघताना तो ठेवावा, बाकी वेळी उघड राहावं. समोरच्या प्लांटच्या क्वालिटी हेडला तुमचं नाव दिसलेलं बरंच आहे.

हिरवी पट्टी म्हणजे 'ओपन टू वर्क'चा एक प्रकार, जो सगळ्या जगाला दिसतो. दुसरा प्रकार फक्त रिक्रूटरांना दिसणारा आहे, त्यात फोटोवर काही येत नाही. तो लावा आणि ठिकाण म्हणून पुणे घाला. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरांपासून तो लपवायचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण खात्री देत नाही, तसं ते स्वतःच सांगतं. बाहेरचे कन्सल्टंट वेगळेच. तुमच्या कंपनीला माणसं पुरवणाऱ्या कन्सल्टंटला तुम्ही दिसालच. नोकरी डॉट कॉमवर तुमच्या कंपनीचं नाव घालून तिला प्रोफाइल दिसू नये असं करता येतं. तिची जुनी नावं, ग्रुपातल्या इतर कंपन्यांची नावंही घाला. तिथे दर चार-पाच दिवसांनी एखादी ओळ बदलून सेव्ह करायची सवय ठेवा. अलीकडे हालचाल असलेले उमेदवार आधी बघण्याची सोय रिक्रूटरकडे असते, दोन महिने न हललेलं प्रोफाइल तळाला जातं.

आता टिमकीचं. स्वतःबद्दल लिहिणं म्हणजे बढाई, हे आपल्याकडच्या सरळ माणसांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण तुम्ही रोज इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही करता, त्यात बढाई असते का? प्रोफाइल तसंच लिहा. तुमच्या नावाखाली आता बहुधा 'क्वालिटी इंजिनिअर, अमुक प्रायव्हेट लिमिटेड' एवढंच असेल, कारण लिंक्डइन ते आपोआप भरतं. त्या ओळीत २२० अक्षरं बसतात आणि मोबाइलवरच्या यादीत सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तिथे, अर्थात इंग्रजीत, असं काही हवं: 'सप्लायर आणि इनप्रोसेस क्वालिटी, शीट मेटल व वेल्डिंग, पीपीएपी, एट-डी, एमएसए, आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर, ११ वर्षं'. (पीपीएपी म्हणजे नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची पद्धत, एट-डी तक्रारीचं मूळ कारण शोधून ती मिटवण्याची, एमएसए मोजमापाची पद्धतच तपासण्याची; आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्तेचं मानक.) रिक्रूटर 'मेहनती, टीम प्लेअर' असं शोधत नाही, 'पीपीएपी' शोधतो. जे केलंय तेच लिहा. इंटर्नल ऑडिटरचं प्रशिक्षण झालं नसेल तर तो शब्द काढा, इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्यावरच येतो.

अनुभवाखाली चार ओळी पुरेत, पण त्यांत आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते दिसावं. 'ग्राहक तक्रारी हाताळल्या' या वाक्याने काहीच कळत नाही. 'एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या वारंवार तक्रारी. मूळ कारण फिक्स्चरच्या झिजलेल्या लोकेटिंग पिनमध्ये. पिन बदलण्याची मुदत ठरवल्यावर सहा महिने तक्रार नाही' हे वाचून दुसरा क्वालिटीवाला तुम्हाला ओळखतो. एक पथ्य पाळा. ग्राहक कंपनीचं नाव, ड्रॉइंग, पीपीएमचे (दहा लाखांत किती नग सदोष) नेमके आकडे, लाइनवरचे फोटो यांतलं काहीही नको. नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम असतं, आणि जो माणूस जुन्या कंपनीचं ड्रॉइंग जगाला दाखवतो त्याला नवी कंपनी तरी का घेईल? 'मोठी दुचाकी कंपनी' एवढं भागतं.

एवढं झालं की जाहिराती बाजूला ठेवा आणि माणसं शोधा. लिंक्डइनचा खरा उपयोग तिथे आहे.

एक वही घ्या आणि पंचवीस प्लांटची यादी करा. नुसतं 'पुणे' टाकून शोधू नका. चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर अशी नावं वेगवेगळी टाका, कारण लोक आपल्या प्रोफाइलवर ज्याला जे सुचेल ते लिहितात. पत्नीची शाखा कुठल्या भागात आहे तेही आत्ताच बघा. घर खराडी-वाघोलीकडे होणार असेल तर तळेगावचा प्लांट रोजच्या येण्याजाण्याला नकोसा होईल आणि नगर रस्त्यावरचा सोयीचा. यादीतल्या प्रत्येक कंपनीच्या लिंक्डइन पानावर 'पीपल' असा भाग असतो, तिथे 'क्वालिटी' टाकलं की त्या विभागातली माणसं दिसतात. त्याहून गुणकारी वाट तुमच्या पॉलिटेक्निकच्या पानावरून जाते. तिथे 'अल्युम्नाय'मध्ये गेलात की माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठल्या कंपनीत आहेत हे निवडून बघता येतं. वाळूजमधून पुण्याला गेलेले तुमचे जुने सहकारी, सप्लायरकडचे, कॅलिब्रेशन लॅबचे लोक या यादीत सगळ्यात वर घाला. फुकटच्या खात्यावर अशा शोधांना महिन्याची मर्यादा आहे. ती संपली की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून नावं लगेच वहीत उतरवा.

प्रत्येक प्लांटमधली दोन माणसं निवडा. एक तुमच्या दर्जाची किंवा एक पायरी वरची, एक विभागप्रमुख. एचआर तिसऱ्या नंबरवर. आठवड्याला आठ-दहाच विनंत्या पाठवा. विनंतीबरोबर चिठ्ठी जोडता येते, दोनशे अक्षरांच्या आत बसवा. फुकट खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, तेव्हा त्या महत्त्वाच्या माणसांसाठी राखा. नमुना देतो:

'नमस्कार सर, मीही आपल्याच पॉलिटेक्निकचा. वाळूजला क्वालिटीत ११ वर्षं, शीट मेटल. पत्नीची पुण्याला बदली, जूनपासून मीही पुण्यात. प्लांटमधल्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारू का?'

यात बायोडेटा नाही, 'काही ओपनिंग असेल तर कळवा' नाही. त्या वाक्याला 'नक्की कळवतो' याखेरीज उत्तरच नसतं आणि गोष्ट तिथे संपते. प्रश्न खरे असावेत. तुमच्या प्लांटला प्रेस शॉप आणि वेल्डिंगची क्वालिटी एकाच टीमकडे आहे का? सप्लायर क्वालिटीत डिप्लोमावाल्यांना घेतात का? यांची उत्तरं माणूस दोन ओळींत देऊ शकतो, आणि ती तुम्हाला खरोखर हवी आहेत. बोलणं पुढे सरकलं की मग विचारा, 'जागा निघाली तर माझं नाव पुढे कराल का?' बऱ्याच कंपन्यांत असं नाव सुचवणाऱ्याला रेफरलचा बोनस मिळतो, तेव्हा ही भीक नव्हे. आठवड्याने एक आठवण, त्यापुढे नाही. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत कुणालाच मेसेज टाकू नका. डिस्पॅच पूर्ण करायची मारामार काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, तो दिवस बरा. बहुतेक जण गप्प बसतील. पन्नासातले आठ-दहा बोलले तरी १४० अर्जांपेक्षा जास्त हाती लागेल.

पोस्ट टाकायचीच असेल तर 'मी नोकरी शोधतोय' अशी टाकू नका, कामातलं एक बारीक काहीतरी सांगा. उदाहरणार्थ गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्याचं साधन आणि मोजणारी माणसं किती भरवशाची, याची चाचणी. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे नव्वद मोजमापं. मोजण्यातल्या फरकाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, दहा ते तीस कामाप्रमाणे चालवून घेतात, तीसच्या वर गेलं तर मोजण्याची पद्धतच नापास. ऑपरेटरा-ऑपरेटरांतला फरक मोठा का निघतो? शीट मेटलच्या ब्रॅकेटची रुंदी मोजताना एक जण व्हर्निअरचा जबडा बरच्या (पत्रा कापल्यावर कडेला राहिलेल्या धारदार कोरेच्या) बाजूने लावतो, दुसरा उलट बाजूने. नवं गेज मागवण्याआधी वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये जबडा कुठे टेकवायचा याचा एक फोटो घाला. झाली पोस्ट. शंभर जणांना ती कंटाळवाणी वाटेल. पण ज्या चौघांना वाटणार नाही ते चौघे क्वालिटीत आहेत, आणि हे वाचून मॅनेजरही काही म्हणू शकत नाहीत. पंधरा दिवसांत एक पुरे.

जाहिराती अगदीच सोडा असं नाही. लिंक्डइनच्या शोधात पदाचं नाव, 'हायरिंग' आणि 'चाकण' टाकून 'पोस्ट्स' निवडा आणि ताज्या आधी लावा. जॉब विभागात न आलेल्या बऱ्याच जागा, विशेषतः मध्यम कारखान्यांच्या, एचआरच्या अशा साध्या पोस्टमध्ये असतात. चोवीस तासांच्या आतल्यांना थेट लिहा, आठवड्यापूर्वीच्या सोडून द्या. फेसबुकवर जुन्या राजकीय भांडणांचा ढीग असेल तर सेटिंग्जमध्ये जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करता येतात. दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

व्हॉट्सॲपचे अकरा ग्रुप कमी करून दोनावर आणा. तिथल्या वॉक-इनच्या चित्रांवर तारीख नसते किंवा गेल्या वर्षीची असते, आणि तुमचा नंबर शेकडो अनोळखी लोकांसमोर पडलेला असतो. तिथे बायोडेटा टाकला असेल तर त्यात काय काय होतं ते आठवा. आपल्याकडच्या बायोडेटात वडिलांचं नाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, कधीकधी पॅन आणि खाली सही असते. हे सगळं काढा. नाव, नंबर, ईमेल आणि शहर पुरतं.

३,५०० रुपये देऊ नका. खरा कन्सल्टंट पैसे कंपनीकडून घेतो. बाजारात रूढ दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तुमच्या सहा लाखांवर ते पन्नास हजार होतात. पन्नास हजारांचं गिऱ्हाईक हातात असलेला माणूस साडेतीन हजारांसाठी का अडून बसेल? पुढे हेच लोक मेडिकल, गेटपास, युनिफॉर्म, लॅपटॉप डिपॉझिट अशी एकेक पावती फाडत जातात. ऑफर लेटर जीमेलवरून आलं किंवा इंटरव्ह्यूशिवाय आलं, तर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे फोन करा, पत्रावर छापलेल्या नंबरावर नव्हे. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं 'पार्टटाइम' काम हा तर सरळ सापळा आहे. आधी दीडशे-दोनशे रुपये खरोखर देतात, मग तुमच्याकडून हजारो भरून घेतात. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा. जितका लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

राहिला जून. तो मुलीच्या शाळेचा महिना आहे, तुमच्या नोकरीला ती मुदत कुणी घातली? नोटिस साठ दिवसांची, म्हणजे जूनच्या मध्याला रुजू व्हायचं तर एप्रिलच्या मध्याला राजीनामा आणि त्याआधी लेखी ऑफर हातात हवी. जमलं तर छानच. नाही जमलं तर तीन-चार महिने शनिवारी रात्रीची एसटी धरावी लागेल. ते सोपं नाही, पण मिळेल ती नोकरी मिळेल त्या पगाराला धरण्यापेक्षा बरं, कारण पुढची कंपनी तुमचा आकडा तिथूनच मोजायला लागेल. नेमणूकपत्र काढून नोटिशीऐवजी पगार भरून सुटका होते का, ते मात्र आजच वाचा. इंटरव्ह्यूत 'किती दिवसांत येऊ शकता' याला नेमकं उत्तर देता येतं.

आणि ते रांजणगावचं युनिट. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. तिथे बदली मागितलीत का? पत्रावरून तरी नाही. गंमत बघा, ज्या मॅनेजरांपासून हे सगळं लपवताय, तेच ती बदली करून देऊ शकणारे पहिले गृहस्थ आहेत. अर्थात विचारलंत की तुम्ही वाळूज सोडणार हे उघड होतं, आणि युनिट छोटं असेल तर पुढे वाढायला जागा कमी. म्हणून क्रम असा ठेवा. आधी दीड महिना वर सांगितल्याप्रमाणे शोधा, निदान एक-दोन इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन बाजारातला आपला भाव कळू द्या. रांजणगावच्या क्वालिटीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करून तिथे माणूस हवाय का, याचा अंदाज घ्या. मग या वर्षीची पगारवाढ हातात पडली की मॅनेजरांसमोर बसून बोला, मेलवर नको: 'साहेब, पत्नीची पुण्याला बदली झाली आहे, मला रांजणगावला पाठवता येईल का?' त्याआधीच त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं, तरी हेच वाक्य म्हणायचं.